बल्ब मोठा करण्याआधी वारा अडवा: वावरातल्या शेडमध्ये पिल्लांना ऊब कशी द्यायची

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या एका तरुण शेतकरी भावाने विचारलं आहे. वावरातल्या टिनाच्या शेडमध्ये त्याने वनराजा या गावरान वळणाच्या जातीची १०० पिल्लं आणली, त्याला आज चौथा दिवस. शेडच्या एका बाजूला भिंत, बाकी तीन बाजूंना हिरवी जाळी. १०० वॉटचे दोन बल्ब लावले आहेत. तरी तीन रात्रींत २३ पिल्लं गेली, आणि रोज सकाळी ती भिंतीच्या कोपऱ्यात एकमेकांवर ढीग होऊन पडलेली दिसतात. २०० वॉटचे बल्ब लावू की गॅसचा ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारं यंत्र) घेऊ, असं तो विचारतो.

भाऊ, आज तरी दोन्हींपैकी काही घेऊ नका. मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात सतरा वर्षांपासून पिल्लं वाढवते. आमच्या बचत गटाची बहुतेक पिल्लं मी कार्तिक-मार्गशीर्षातच आणते, कारण गावरान वळणाची कोंबडी विकायजोगी व्हायला तीन-साडेतीन महिने लागतात आणि धुळवडीला गिऱ्हाईक दारात येतं. म्हणजे धुळवडीचा भाव हवा असेल तर ऐन कडाक्यातच पिल्लं सांभाळावी लागतात. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचताना तुमचं शेड डोळ्यांसमोर उभं राहिलं.

तुमच्या सांगण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पिल्लं कोपऱ्यात मेली, बल्बखाली मेली नाहीत. नुसती ऊब कमी पडली तर पिल्लं बल्बखाली गोळा होतात आणि चिवचिव करत राहतात. बल्ब सोडून ती कोपऱ्यात गेली, याचे अर्थ दोनच. एक, बल्बखालून वाऱ्याचा झोत जातो आणि तिथे उभं राहण्यापेक्षा त्यांना भिंतीचा आडोसा बरा वाटतो. दोन, रात्री लाइन (वीज) गेली, अंधार झाला आणि घाबरून ती मिळेल त्या कोपऱ्यात शिरली. माझ्या अंदाजाने तुमच्याकडे दोन्ही झालं आहे. कोपऱ्यातली खालची पिल्लं थंडीने मरत नाहीत, वरच्यांच्या भाराने गुदमरून मरतात. म्हणून तुम्हाला मेलेल्यांत चांगली तगडी पिल्लंही दिसली असतील.

बल्बचा हिशेब सांगते. आमचा ठोकताळा पिल्लामागे एक ते दोन वॉटचा आहे. १०० पिल्लांना २०० वॉट म्हणजे तुम्ही पुरेसं दिलं आहे, आता तर ७७ च उरली आहेत. पण तीन बाजूंनी जाळी असलेल्या शेडमध्ये ती ऊब थांबतच नाही. गरम हवा वर जाते, थंड हवा जमिनीलगत येते, आणि पिल्लू जमिनीपासून चार बोटांवर जगतं. ४०० वॉट लावले तरी गरम होणार टिन. आणि एक लक्षात ठेवा, तुमचे बल्ब तारेचे पिवळे आहेत म्हणून त्यांना ऊब तरी आहे. बल्ब उडाला की दुकानदार एलईडी देईल. त्याचा उजेड भरपूर असतो, पण ऊब जवळजवळ नसतेच. आमच्या गटातल्या एका ताईची अर्धी पिल्लं एकाच रात्रीत अशीच गेली.

आता पिल्लाच्या अंगात काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं मी का सांगते ते कळेल. एका दिवसाच्या पिल्लाच्या अंगावर पिसं नसतात, लव असते. ती कोरडी असेल तर थोडीफार ऊब राखते, ओली झाली की काही कामाची नाही. स्वतःच्या अंगाची ऊब धरून ठेवायला ते तीन-चार आठवड्यांनी शिकतं. तोवर त्याच्या पाठीच्या उंचीवर पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी कमी करत जायचं. थंडी वाजलेलं पिल्लू दाण्या-पाण्याकडे फिरकत नाही. अंड्यातून बाहेर पडताना पोटात जो पिवळा बलक घेऊन येतं, त्यावर दोन-तीन दिवस निभतं, आणि गारठलं तर तो बलकही नीट जिरत नाही. म्हणून पहिल्या रात्रीच्या थंडीची मर चौथ्या-पाचव्या दिवशीही दिसते. उद्या आणखी दोन-चार पिल्लं गेली तर आजची व्यवस्था फसली असं समजू नका.

काही गोष्टी मला इथून सांगता येणार नाहीत, त्या तुम्हीच बघा. पिल्लं हॅचरीतून कशी आणली? पहाटे मोटरसायकलवर खोकं बांधून आणली असतील तर घरी पोचायच्या आधीच निम्मी गारठली असतील. मेलेल्या पिल्लांचं पोट फुगलेलं, बेंबी ओली आणि वास येणारी असेल, तर तो बेंबीचा संसर्ग आहे, उबेने तो बरा होणार नाही. एखादं पिल्लू कुरतडलेलं असेल तर उंदीर किंवा घूस येते आहे. आणि अंगाला काहीच नसून फक्त चपटी, ओलसर, ढिगातली पिल्लं असतील, तर मी म्हणते तेच कारण. शंका असेल तर ताजं मेलेलं पिल्लू पिशवीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. उघडून बघितलं की डॉक्टरांना पाच मिनिटांत कळतं. हे करायला लाजू नका.

तुमचं वावर कुठे आहे, यावरही पुष्कळ आहे. गावात घरं एकमेकांना खेटून असतात, वावरात रात्र वेगळीच असते. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. शहरात एवढा, तर नाल्याकाठच्या वावरात किती याचा विचार करा. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी खोलगट जागी साचते. शेड नाल्याच्या बाजूला असेल तर निदान पहिले तीन आठवडे पिल्लं उंचवट्यावरच्या कोठ्यात हलवा. जनावरं बांधलेल्या कोठ्याच्या एका कोपऱ्यात चांगली आडबाजू करून ठेवलेली पिल्लं मी कितीदा सुखरूप वाढलेली पाहिली आहेत. जनावराच्या अंगाचीही ऊब असते. फक्त गोचीड आणि खुरांपासून जपायचं.

आता आज रात्रीचं काम. आधी गोल करा. कोपरा राहिलाच नाही तर ढीग होणार कुठे? दीड फूट उंच टिनाचा पत्रा, पुठ्ठा, नाहीतर बांबूचा तट्टा आतून बारदान लावून वापरा. पाच फूट व्यासाचं गोल हवं, त्याला सोळा फूट लांबी लागते. ७७ पिल्लांना पहिला आठवडा पुरेल, मग दर तीन-चार दिवसांनी थोडं थोडं वाढवा. महिन्याच्या पिल्लाला निदान अर्धा चौरस फूट मिळायला हवा. खतांची पोती आणि फवारणीच्या औषधाचे खोके यासाठी मुळीच वापरू नका, धुऊनसुद्धा नाही.

गोलाखाली जमीन कोरडी करून अडीच-तीन इंच अंथरूण टाका. तुमच्याकडे सोयाबीनचं कुटार (भुसा) सहज मिळेल, पण गंजीच्या मधलं, कडकडीत वाळलेलं घ्या. पावसात भिजलेल्या कुटाराला बुरशी येते, ती श्वासाबरोबर छातीत जाते आणि पिल्लं चोच उघडी टाकून धापा देत मरतात. लोक त्याला सर्दी समजून औषधं पाजत बसतात. भंडारा-गोंदियाकडून धानाचं तूस मिळालं तर सगळ्यात चांगलं, ते ओल धरत नाही. घरचा कापूस अंथरू नका. मऊ दिसतो, पण धागे पायात अडकतात आणि पिल्लं ते गिळतातही. पहिले दोन-तीन दिवस वर कागद टाकतात तो गुळगुळीत नको, पाय फाकतात.

मग वारा. आपल्याकडे हिवाळ्यात तो उत्तर-ईशान्येकडून येतो. उत्तर आणि पूर्व या दोन बाजू जमिनीपासून चार फुटांपर्यंत बारदानाने पक्क्या बंद करा. दक्षिणेची बाजू दिवसा उघडी ठेवा, ऊन आत येऊ द्या. पडदा खाली जमिनीशी पक्का बांधायचा आणि उघडायचा तो वरून खाली. सगळे उलटं करतात, खालून गुंडाळून वर नेतात. मग फट जमिनीलगत पडते आणि झोत नेमका पिल्लांच्या अंगावर येतो. वरून उघडला तर कोंदट हवा निघून जाते आणि खाली वारा लागत नाही. रात्रीसुद्धा वरचा हात-दीड हात मोकळाच राहू द्या.

हे मी एवढं जोर देऊन सांगते त्याला कारण आहे. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात मी शेडला चारही बाजूंनी ताडपत्री आवळली, आत कोळशाची शेगडी ठेवली आणि निर्धास्त झोपले. सकाळी १५० पैकी ६० च्या वर पिल्लं निजल्यासारखी पडली होती. ढीग नाही, धडपड नाही, जिथल्या तिथे. कोळशाच्या विषारी वायूला ना वास असतो ना रंग. त्या शेडमध्ये मी किंवा माझा मुलगा जागलीला झोपलो असतो तर काय झालं असतं, हा विचार आजही अंगावर काटा आणतो. म्हणून शेगडी वापरायचीच असेल तर ती बाहेर पेटवा, धूर पूर्ण थांबून इंगळ लाल झाले की वर राख टाकून आत न्या, भोवती जाळी लावा, वरची बाजू मोकळी ठेवा आणि आत माणसाने झोपू नये. पऱ्हाटीचा (कापसाच्या काड्यांचा) इंगळ झटकन विझतो, बाभळीचा कोळसा बराच वेळ धरतो. तरी मी स्वतः शेगडी सोडून दिली आहे.

त्याऐवजी मी गरम पाणी वापरते. दिसायला साधी गोष्ट आहे, पण हिशेब करून बघा. २० लिटर पाणी ७० अंशांवरून ४० अंशांवर येईपर्यंत जेवढी ऊब सोडतं, तेवढी १०० वॉटचा बल्ब सुमारे सात तासांत देतो. धूर नाही, आग नाही, लाइनीशी संबंध नाही. झाकणाचा जर्मनचा (अॅल्युमिनियमचा) मोठा गंज, म्हणजे पातेलं, घ्या, चुलीवर पाणी तापवून भरा, झाकण दोरीने आवळा आणि गंजाला बारदानाचे दोन वेढे द्या. बारदानावर आपला तळहात आरामात टेकून राहिला पाहिजे, चटका बसला तर आणखी एक वेढा. गंज बल्बच्या उजेडाच्या कडेला ठेवा, दूर नको. पिल्लं आधीपासून त्याच्या आसपास असली तर लाइन गेल्यावर त्याला शोधत फिरावं लागत नाही. रात्री दहाला भरा आणि पहाटे तीनला उठून पाणी बदला. तीन ते सूर्य वर येईपर्यंतचा वेळ सगळ्यात वाईट. पहिले दहा दिवस ही झोपमोड करावीच लागते, त्याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

शेडचं छप्पर टिनाचं आहे, त्याचाही बंदोबस्त करा. टिन दिवसा तापतं आणि रात्री उघड्या आभाळाखाली असं गार पडतं की आतली वाफ त्याला लागून थेंब थेंब खाली गळते. ओली लव आणि पहाटेची थंडी म्हणजे पिल्लू गेलंच. टिनावर पऱ्हाट्या किंवा तणीस (वाळलेला पेंढा) टाका. आणि गोलाच्या अर्ध्या भागावर एक बाज आडवी ठेवून तिच्यावर बारदान पसरा. ठेंगणं छत झालं की गंजाची ऊब खालीच थांबते. पिल्लांची गर्दी बाजेखाली वाढली की समजायचं, बाहेर गार आहे. बल्ब मात्र बाजेपासून, बारदानापासून हातभर लांब, उघड्या अर्ध्यात हवा. त्याच्यावर जुनं लोखंडी घमेलं उलटं टांगा, ऊब खाली वळते. टोपली किंवा प्लास्टिकची पाटी लावू नका. होल्डर चिनी मातीचा घ्या, आणि बल्ब वायरीवर लोंबकळत न ठेवता साखळीने टांगा. सुरुवातीला कुटारापासून दीड फूट उंच.

ऊब बरोबर आहे की नाही हे थर्मामीटर सांगेल, पण पिल्लू जास्त खरं सांगतं. पिल्लं गोलभर पसरलेली, काही खात, काही पाय ताणून झोपलेली असली की बरोबर. सगळी कडेला जाऊन पंख लोंबवून धापा टाकत असली की जास्त. सगळी एकाच बाजूला गेली की दुसऱ्या बाजूने वारा येतो. तिथे गुडघ्यावर बसून आपली हनुवटी जमिनीजवळ न्या, फट कुठे आहे ते गालाला कळतं. अजून एक पारख आहे, ती मला फार उपयोगी पडते. पाच-सहा पिल्लं हातात घेऊन त्यांचे पाय आपल्या गालाला किंवा मानेला लावा. पाय गार लागले तर पिल्लू गारठलेलं आहे, मग थर्मामीटर काहीही दाखवो. आणि संध्याकाळी पोटोबा चाचपा. गळ्याखालची पिशवी भरलेली, मऊ लागली तर ते खातंय-पितंय. रिकामी असेल तर रात्र त्याला जड जाणार.

म्हणून ऊब देताना कधीही सगळं शेड तापवायला जाऊ नका. एक जागा उबदार, एक जागा थोडी थंड, आणि पिल्लाला दोन्हीकडे जायची मोकळीक. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी २८-३० अंश होतात आणि टिनाखाली त्याहून जास्त. दुपारी बल्ब चालू राहिला तर तीच पिल्लं उकडतात, पाणी कमी पडलं तर सुकतात, मागचा भाग चिकटून बंद होतो. असं पिल्लू दिसलं तर कोमट पाण्याने हळूच पुसा, ओढून काढू नका, आणि कोरडं करूनच गोलात सोडा. दुसऱ्या आठवड्यापासून दुपारी बल्ब बंद करून बघा. तिसऱ्या आठवड्यात दिवसा ऊब लागत नाही, रात्री मात्र महिना होईपर्यंत सोय ठेवा. कडकनाथची पिल्लं असती तर मी आणखी आठवडाभर ठेवली असती, ती अंगाने लहान असतात.

पाण्याची भांडी बल्बच्या थेट खाली ठेवू नका, उबेच्या कडेला ठेवा. सकाळचं पाणी कोमट द्या, आज आणि उद्या त्यात थोडा गूळ घाला. सांडलेलं ओलं कुटार रोज काढून टाका. ओलीत रक्ती हगवण वाढते, आणि खाली वाकल्यावर डोळ्यांना झोंबलं तर पिल्लांना त्याहून जास्त झोंबतं. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाची लस द्यायची असते, मानमोडीसाठी, म्हणजे राणीखेत रोगासाठी. पण पिल्लं अशी खचलेली असताना ती पाचव्या दिवशीच उरकायची घाई करू नका, दोन दिवस सावरू द्या. लसीनंतरच्या रात्री पिल्लं जरा मलूल असतात, त्या रात्री बल्ब दोन बोटं खाली घ्या.

लाइनीबद्दल. वावरातली जोडणी शेतीपंपाच्या फीडरवर (वीजवाहिनीवर) असेल तर पुरवठ्याची पाळी बदलली की रात्रीचा पुरवठा बदलतो. तुमच्या तीन रात्रींत लाइन किती वाजता गेली होती ते आठवा, ढिगाचं गणित तिथेच सुटेल. बॅटरीचा एक लहानसा दिवा रात्रभर राहू द्या. त्याने ऊब येत नाही, पण काळोख होत नाही, आणि पिल्लांना गंज दिसतो. शिवाय सहाव्या-सातव्या दिवसापासून रोज संध्याकाळी, तुम्ही स्वतः तिथे हजर असताना, आधी काही मिनिटं आणि मग वाढवत तासभर अंधार करा. त्यांना अंधाराची सवय झाली की लाइन गेल्यावर घाबरगुंडी उडत नाही. ज्या पिल्लांनी कधी अंधार पाहिलाच नाही, तीच पहिल्यांदा ढीग करतात.

गावात कोणाकडे खुडूक (अंडी उबवायला बसलेली) कोंबडी असेल तर दहा-बारा सगळ्यात कमजोर पिल्लं तिच्याखाली रात्रीच्या अंधारात सरकवून बघा. चार दिवसांची पिल्लं सगळ्याच कोंबड्या घेत नाहीत, म्हणून सकाळी उजाडताच बघायला जा. टोचत असेल तर लगेच काढा. घेतली, तर तेवढ्या पिल्लांची चिंता मिटली.

गॅसचा ब्रूडर ५०० पिल्लांच्या पुढे परवडतो. १०० साठी त्या पैशात बारदान, पत्रा, दोन गंज येऊन वर खाद्याचं एक पोतं येईल.

आज अंधार पडायच्या आत गोल आणि उत्तरेचा पडदा एवढं तरी करा, बाज आणि घमेलं उद्या केलं तरी चालेल. पहाटे तीनला पाणी बदलायला उठाल तेव्हा पाच पिल्लांचे पाय गालाला लावून बघा, आणि कसे लागले ते मला कळवा.